पैनगंगा : दोन तीरांची माय

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगा ही या परिसराची जीवनदायिनी होय. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावून ती वाशीम, हिंगोली, यवतमाळ, नांदेड असा प्रवास करीत चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेस मिळते. तेच पाणी पुढे प्राणहितेच्या रूपाने गोदावरीस जाते. नरसीवरून येणारी कयाधूही अखेर हिच्याच कुशीत विसावते.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि एकाच नदीचे दोन काठ दोन राजवटींत गेले. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार रुपया. अलीकडे कचेरीत उर्दू, पलीकडे मराठी. माल न्यायचा तर करोडगिरीचा नाका आडवा येई. सोयरिकींना मात्र कोणताही नाका अडवू शकला नाही. लेकी-सुना दोन्ही तीरांवर नांदत राहिल्या.

या आप्तभावाची कसोटी १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात लागली. रझाकारांच्या जुलमास कंटाळून अनेक कुटुंबांनी वऱ्हाडात आश्रय घेतला. पलीकडे उमरखेडला स्वातंत्र्यसैनिकांचे शिबिर होते. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा व विदर्भ एका राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. राज्याची सीमा गेली, जिल्ह्याची तेवढी उरली.

नदीचे वैभव तिच्या काठावरही आहे. उंबर, करंज, जांभूळ व अर्जुनसादडा यांची सावली, डोहातील मरळ, खडकावर पंख वाळवीत बसलेला पाणकावळा आणि पाण्यावर झेपावणारा खंड्या हे सारे तिचेच गणगोत. हिवाळ्यात इसापूरच्या जलाशयावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. १९८० च्या दशकात पूर्ण झालेल्या या धरणाने कळमनुरी, हदगाव, उमरखेड भागातील शेते भिजविली. त्यासाठी काठच्या लोकांनी जमिनी व घरे सोडली, हा त्यागही विसरता कामा नये.

आज नदीला धोका आपल्याच हातून आहे. बेसुमार वाळूउपशाने डोह नाहीसे होतात, काठची झाडे तुटली की दरड ढासळते, आणि निर्माल्यासोबत प्लॅस्टिकही पाण्यात पडते. देवळाचा जीर्णोद्धार उदार दात्यांच्या देणगीने झाला. नदीच्या जीर्णोद्धारास देणगी नको. वाळू, झाड व पाणी राखण्याचा दोन्ही तीरांवरील ग्रामस्थांचा निश्चय हवा. ज्या माईने संकटकाळी पैलतीराचा आसरा दिला, तिचे एवढे ऋण फेडणे आपले कर्तव्य आहे.