पदार्थाचे नाव आणि हरवलेला प्रांत

पोलंडमधील खाणावळीत शिरणाऱ्या परदेशी प्रवाशाला मेन्यूकार्डावर 'पारंपरिक' हे विशेषण हमखास भेटते. 'बार म्लेच्नी', म्हणजे शब्दशः दूधगृह, या सरकारी अनुदान मिळणाऱ्या स्वस्त खाणावळींत बिटाचे आंबटसर सूप 'बार्श्च' असते, तसे 'पिएरोगी'ही असतात. पिएरोगी करंजीच्या घाटाचे, मात्र तळण्याऐवजी उकळत्या पाण्यात शिजवलेले. त्यांतील 'पिएरोगी रुस्के' या प्रकारात बटाटा, चक्क्याच्या जातीचे ताजे चीज व परतलेला कांदा यांचे सारण भरतात. वरून डुकराच्या चरबीचे तळलेले कण घालण्याची रीत असल्याने शाकाहारी प्रवाशाने आधी विचारून घ्यावे.

आम्हा भाषेच्या अभ्यासकांना येथे थांबवतो तो 'रुस्के' हा शब्द. त्याचा मूळ संबंध रशियाशी नसून 'रूस' या ऐतिहासिक प्रांताशी, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनच्या परिसराशी आहे. ल्वूव (आजचे ल्विव) हे तेथील प्रमुख शहर. दुसऱ्या महायुद्धाअखेर हा पूर्वेकडचा प्रदेश सोव्हिएत संघाकडे गेला. तेथील पोलिश कुटुंबे पश्चिमेकडे हलवली गेली आणि त्यांच्यासोबत हा प्रादेशिक पदार्थ देशभर पसरला. २०२२ साली रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केल्यावर काही खाणावळींनी 'रुस्के' खोडून 'युक्रेनी' असे लिहिले. पदार्थ तोच राहिला, नावाचा अर्थ मात्र राजकारणाने बदलला.

या इतिहासाचा एक धागा कोल्हापूरपर्यंत येतो. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने याच पूर्व पोलंडमधील लोकांना सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. १९४१ मधील करारानंतर सुटका झालेल्यांपैकी अनेकजण इराणमार्गे भारतात पोहोचले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ मध्ये वसलेल्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया व मुलेच बहुसंख्य. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. युद्ध संपले तेव्हा बहुतेकांचे गाव पोलंडच्या नकाशावर उरलेच नव्हते. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली आणि अनेकजण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा परक्या देशांत गेले. त्याच जागी फाळणीने बेघर केलेले सिंधी निर्वासित वसले. ते आजचे गांधीनगर.

वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे आदरांजली वाहिली. स्मारकावर इतिहास कोरलेला असतो, म्हणून तो वाचला जातो. मेन्यूकार्डावरचा 'पारंपरिक' हा शब्द मात्र प्राचीन, अखंड, एकाच मातीतले असे काही सुचवून विस्थापन झाकून टाकतो. आमच्या मते साहित्याच्या विद्यार्थ्याने मेन्यूकार्डही संहितेसारखे वाचावे आणि 'पारंपरिक' म्हणजे कोणाच्या परंपरेतले, ते लोक आता कोठे आहेत, हे विचारावे. पोलंडच्या ताटाला लावलेला हा प्रश्न गांधीनगरातील सिंधी ताटालाही तितकाच लागू पडतो.