बालवर्गातील चित्रपुस्तक : कोसबाड ते इंदिरानगर

बालवर्गात चित्रपुस्तक नुसते वाचून मिटायचे नसते. चित्रातले घर मातीचे करून पाहायचे असते. या रीतीची मराठीतील मुळे जुनी आहेत. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी शिंपले, बिया, पाने, खडे हीच शैक्षणिक साधने ठरली. काटकसर हे त्याचे अर्धेच कारण; मुलाने ओळखीच्या वस्तूंतून शिकावे, हा खरा आग्रह.

चित्रपुस्तकांत तो आग्रह पुष्कळ उशिरा आला. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मध्ये आई, बाबा, आजी, आजोबा अशी घरचीच माणसे भेटतात.

बेंगळूरुच्या इंदिरानगरात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांची आजी मात्र दूर गावी, आणि दाराबाहेर कन्नड. त्याच शहरात २००४ साली स्थापन झालेल्या ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केले. तेथील मराठी व कन्नड गोष्टी मुक्त परवान्याच्या असल्याने पाने छापून कातरता येतात. (विकत आणलेल्या पुस्तकाला कात्री लावण्याचे धैर्य कोणत्या आईला होईल?) कातरलेली माणसे खोक्याच्या घरात मांडताना मूल एकेकाला हाक मारते. इंग्रजी बालवर्गात दोघीही ‘आंटी’च, येथे आत्या निराळी आणि मावशी निराळी, हे त्याला प्रथम कळते.