धूर व कार्बन मोनॉक्साइड सूचक गजर (घरगुती)

घरातील हवेत धूर किंवा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ठराविक मर्यादेपलीकडे साचल्यास मोठा आवाज करून रहिवाशांना सावध करणारी ही दोन स्वतंत्र उपकरणे होत. दोन्ही संवेदक एकाच डबीत बसविलेली संयुक्त उपकरणेही बाजारात मिळतात. तथापि केवळ धूर ओळखणाऱ्या उपकरणाला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही, केवळ कार्बन मोनॉक्साइड ओळखणाऱ्याला धूर कळत नाही आणि स्वयंपाकाच्या गॅसची गळती या दोहोंपैकी कोणालाच कळत नाही. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्याचा गळतीसूचक जमिनीलगत बसवितात, तर नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने त्याचा सूचक छताजवळ लागतो. या तीन उपकरणांची गल्लत हे घरगुती अपघातांचे टाळता येण्याजोगे कारण आहे.

इतिहास : स्वित्झर्लंडमधील भौतिकीविज्ञ व्हाल्टर येगर हे १९३० नंतरच्या दशकात विषारी वायू ओळखणारे उपकरण तयार करीत असता त्यांच्या उपकरणाने वायूऐवजी सिगारेटच्या धुराला प्रतिसाद दिला, असे सांगितले जाते. त्याच देशातील एर्न्स्ट मायली यांनी पुढे आयनीकरण कोठीवर आधारलेला सूचक विकसित केला. ही उपकरणे बराच काळ कारखाने व मोठ्या इमारतींपुरतीच राहिली. अमेरिकेतील ड्वेन पिअर्सल व स्टॅन्ली पीटर्सन यांनी १९६५ मध्ये विद्युत् घटावर चालणारा घरगुती सूचक तयार केला आणि त्यानंतर तो सामान्य घरांत पोहोचला.

धूर ओळखण्याच्या पद्धती : आयनीकरण प्रकारात अमेरिसियम-२४१ या किरणोत्सर्गी समस्थानिकाचा अत्यल्प अंश (साधारणतः १ मायक्रोक्यूरी किंवा त्याहून कमी) असतो. त्यातून निघणारे अल्फा कण दोन पट्टिकांमधील हवेचे आयनीकरण करतात, म्हणजे तिच्या रेणूंना विद्युत् भार देतात, आणि त्यामुळे तेथे क्षीण प्रवाह वाहत राहतो. धुराचे कण आत शिरले की आयन त्यांना चिकटतात, प्रवाह घटतो व गजर वाजतो. अल्फा कण हवेत काही सेंटिमीटरच जातात व डबीच्या भिंतीत अडतात, म्हणून बंद उपकरण धोकादायक नसते. मात्र अमेरिसियमचे अर्धायुष्य सु. ४३२ वर्षे असल्यामुळे उपकरण फोडू वा जाळू नये. भारतात अशी उपकरणे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियंत्रणाखाली येतात. प्रकाशविद्युत् प्रकारात अंधाऱ्या कोठीतील प्रकाशशलाका एरवी संवेदकावर पडत नाही, पण धुराचे कण आत आले की प्रकाश त्यांच्यावरून विखुरतो आणि काही भाग संवेदकापर्यंत पोहोचतो. भडकून पेटणाऱ्या आगीचे सूक्ष्म कण पहिल्या प्रकाराला लवकर कळतात, तर गादी, सोफा किंवा विजेच्या तारांचे वेष्टन यांच्या धुमसण्यातून येणारा दाट धूर दुसऱ्याला लवकर कळतो. दोहोंपैकी घरासाठी कोणता अधिक योग्य याविषयी एकमत नाही. दोन्ही तत्त्वांचा एकत्र वापर हा मध्यममार्ग सुचविला जातो.

उष्णतासूचक : स्वयंपाकघरात धुराऐवजी तापमानाला प्रतिसाद देणारे उपकरण वापरतात.

कार्बन मोनॉक्साइड व त्याचे मापन : कोळसा, लाकूड, रॉकेल, पेट्रोल किंवा गॅस यांचे ज्वलन अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये झाले की हा वायू निर्माण होतो. त्याला रंग, वास वा चव नाही. त्याची घनता जवळजवळ हवेइतकीच असल्याने तो खोलीभर मिसळतो. रक्तातील हीमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक ओढीने जोडला जातो व शरीरातील पेशी ऑक्सिजनला मुकतात. ब्रिटिश शरीरक्रियाविज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन (१८६०–१९३६) यांनी कोळसाखाणींतील स्फोटांनंतरच्या मृत्यूंचा अभ्यास करून या वायूचा घातक वाटा दाखवून दिला, स्वतः तो हुंगून त्याचे परिणाम नोंदविले आणि माणसाआधी कोलमडणारे लहान प्राणी खाणीत नेण्याची शिफारस केली. त्यातून आलेली कॅनरी पक्ष्यांची प्रथा ब्रिटनच्या खाणींत १९८६ पर्यंत चालू राहिली. आजच्या घरगुती उपकरणात बहुधा विद्युत् रासायनिक संवेदक असतो. त्यातील विद्युत् अग्रावर वायूचे ऑक्सिडीभवन होऊन कार्बन डाय-ऑक्साइड बनतो व निर्माण होणारा प्रवाह वायूच्या प्रमाणात असतो.

हा गजर केवळ प्रमाणावर नव्हे, तर प्रमाण व काळ यांच्या एकत्रित हिशेबावर वाजतो, ही गोष्ट वापरणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. अमेरिकेतील यूएल २०३४ या मानकानुसार हवेच्या दर दहा लाख भागांत ७० भाग वायू असल्यास गजर ६० ते २४० मिनिटांत, १५० भाग असल्यास १० ते ५० मिनिटांत आणि ४०० भाग असल्यास ४ ते १५ मिनिटांत वाजला पाहिजे. युरोपच्या ईएन ५०२९१ मानकात ५० भागांना ६० ते ९० मिनिटे व ३०० भागांना ३ मिनिटांच्या आत अशी अट आहे. शिकागो शहराने १९९४ मध्ये घरांसाठी हे सूचक सक्तीचे केल्यानंतर त्याच हिवाळ्यात निष्कारण वाजणाऱ्या गजरांनी अग्निशमन दलाला हैराण केले आणि त्यानंतर यूएल मानकात सुधारणा झाल्या. या मर्यादा निरोगी प्रौढांना डोळ्यांपुढे ठेवून ठरविलेल्या असल्याने गर्भवती स्त्रिया, अर्भके व हृदयरोगी यांच्या बाबतीत गजर वाजण्याची वाट पाहणे योग्य नाही.

विषबाधेची प्रारंभीची लक्षणे डोकेदुखी, मळमळ, चक्कर व थकवा ही असून ती फ्लूसारखी भासतात. परंतु ताप नसणे, घरातील अनेकांना एकाच वेळी त्रास होणे व बाहेर गेल्यावर बरे वाटणे या खुणांवरून शंका घेता येते. बोटाला लावायचा नेहमीचा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हीमोग्लोबिनही ऑक्सिजनयुक्त समजून मोजतो, त्यामुळे त्यावरील चांगल्या आकड्यावर विसंबू नये. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास सु. ४ ते ५ तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सु. १ ते दीड तास. म्हणून रुग्णाला ऑक्सिजन देणे हा तातडीचा उपचार होय.

गॅस गिझर : महाराष्ट्रातील घरांत या वायूचा सर्वांत मोठा छुपा धोका न्हाणीघरात आहे. लहान, बंद न्हाणीघरात बसविलेला गॅस गिझर तेथील ऑक्सिजन वापरून टाकतो, ज्वलन अपुरे होऊ लागते आणि आंघोळ करणारी व्यक्ती आतून कडी लावलेल्या अवस्थेत बेशुद्ध पडते. अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात व त्यांतील जवळजवळ सर्वच टाळता आले असते. येथे गजर हा उपाय नव्हे : वाफेमुळे संवेदक बिघडतो, आणि बाहेरच्या बोळात लावलेल्या गजरापर्यंत वायू पोहोचण्यापूर्वीच आतील प्रमाण घातक होऊ शकते. गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसविणे, जळालेला वायू नळीने बाहेर सोडणे व झरोका कायम उघडा ठेवणे हाच खरा बंदोबस्त आहे. थंडीत बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपणे आणि जनित्र घरात वा गॅलरीत चालविणे हेही तितकेच घातक आहे.

जागा व देखभाल : झोपेत वासाने जाग येईल असा भरवसा नसल्याने धूरसूचक प्रत्येक झोपण्याच्या खोलीत, त्या खोल्यांबाहेरील बोळात व प्रत्येक मजल्यावर असावा, अशी अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेची शिफारस आहे. धूर वर चढतो म्हणून तो छतावर, किंवा भिंतीवर छताखाली ३० सेंमी.च्या आत बसवितात. पंख्याच्या झोतात व शेगडीपासून ३ मी.च्या आत तो नसावा. फोडणीचा, धुपाचा वा उदबत्तीचा धूर त्याला आगीच्या धुरापासून वेगळा करता येत नाही, आणि परदेशांतील मराठी घरांत पोळ्या भाजताना वाजणारा गजर बंद करण्यासाठी घट काढून ठेवण्याची किंवा त्यावर पिशवी बांधण्याची सवय आढळते. ती सोडावी, उपकरणावरील तात्पुरते शांत करण्याचे बटण दाबणे, खिडकी उघडणे किंवा सूचकाची जागा बदलणे पुरेसे असते. दर महिन्याला चाचणीचे बटण दाबून पाहावे व जाळी कोरड्या ब्रशने स्वच्छ करावी. अर्ध्या-एक मिनिटाने येणारी एकेक चिवचिव म्हणजे घट संपत आल्याची किंवा उपकरणाचे आयुष्य सरल्याची सूचना होय. धूरसूचक १० वर्षांनी बदलतात. कार्बन मोनॉक्साइड सूचकाची मुदत ५ ते १० वर्षे असून ती त्याच्यावर छापलेली असते. लहान मुले व कमी ऐकू येणाऱ्या व्यक्ती नेहमीच्या उंच स्वराने जाग्या होतीलच असे नाही; त्यांच्यासाठी ५२० हर्ट्‌झचा खालचा स्वर अधिक परिणामकारक ठरतो.

गजर झाल्यावर : प्रचलित संकेतानुसार तीन-तीन आवाजांचे आवर्तन आगीचे व चार-चार आवाजांचे कार्बन मोनॉक्साइडचे असते. आगीत वाकून, लिफ्ट टाळून बाहेर पडावे आणि दार उघडण्यापूर्वी हाताच्या पाठीने त्याची उष्णता पाहावी. वायूच्या गजरानंतर धूर दिसत नाही म्हणून घरात थांबणे जिवावर बेतू शकते; सर्वांनी मोकळ्या हवेत यावे, माणसे मोजावीत व मदत बाहेरूनच मागवावी.

कायदा : स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून सर्व घरांत परस्परांशी जोडलेले गजर आवश्यक आहेत, तर इंग्लंडमध्ये २०१५ च्या नियमांनी भाड्याच्या घरांत गजर सक्तीचे झाले व २०२२ मध्ये त्या नियमांची व्याप्ती वाढली. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावे लागते. राज्यात अग्निशमन दलासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८ व कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.