यमकोंडात यम नाही : पैठण, रायतूर आणि मराठीत आलेला सैतान

पैठणला एकनाथमहाराजांच्या श्राद्धाची कथा आजही सांगितली जाते. नाथांच्या वाड्यात श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. वाटेने जाणाऱ्या भुकेल्या महार कुटुंबाला त्या अन्नाचा वास आला आणि नाथांनी व गिरिजाबाईंनी पितरांसाठी रांधलेले ते अन्न त्यांनाच पोटभर वाढले. निमंत्रित ब्राह्मण संतापले, पानावर बसेनात. तेव्हा नाथांचे पितर स्वतः देह धारण करून जेवायला उतरले, असे कथा सांगते.

आजचा धागा ख्रिस्ती कथाकाव्यातील मोह, स्वर्ग आणि नरक यांविषयी आहे. आरंभी श्राद्ध आणण्याचे कारण पुढे येईल. तूर्त एवढेच लक्षात असू द्या की, नाथांच्या मराठीत मेलेले आजोबा हाकेच्या अंतरावर होते.

नाथांचा काळ १५३३ ते १५९९ असा मानतात. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची टीका १५७३मध्ये काशीत पूर्ण झाली. त्यानंतर सहा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, लिस्बनहून निघालेले एक जहाज गोव्याला लागले. त्यातून थॉमस स्टीफन्स नावाचा तिशीतला इंग्रज जेझुइट पाद्री उतरला. तो इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्याचा. मायदेशी कॅथलिकांचा छळ चालू असल्याने तो रोमला जाऊन जेझुइट संघात दाखल झाला होता. पुढची चाळीस वर्षे, म्हणजे १६१९मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो मुख्यतः दक्षिण गोव्यातील सासष्टीत राहिला. तेथेच त्याने मराठीत सुमारे ११ हजार ओव्यांचे एक पुराण रचले. ‘क्रिस्तपुराण’ या नावाने आपण ते ओळखतो. १६१६मध्ये रायतूरच्या जेझुइट छापखान्यात ते छापले गेले. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापल्या गेल्या.

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. १६१६ हे शेक्सपिअरच्या मृत्यूचे वर्ष. देवदूताचे बंड, त्याचे पतन आणि त्याने आदिमातेला घातलेली भूल यांवर मिल्टनने लिहिलेले महाकाव्य प्रसिद्ध झाले १६६७मध्ये. स्टीफन्सचे पुराण छापले गेले तेव्हा मिल्टन सात वर्षांचा होता. एका इंग्रजाने सैतानाची कथा पद्यात विस्ताराने सांगितली आणि ती मराठीत, मिल्टनच्या ५१ वर्षे आधी! आपल्या पाठ्यपुस्तकांत या घटनेला जेमतेम एक ओळ मिळते, याचे मला नेहमीच आश्चर्य वाटते.

पण कौतुकात वाहून जाण्याआधी सासष्टीत काय चालले होते, ते पाहिले पाहिजे. गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन १५६०मध्ये बसले. १५६७मध्ये सासष्टीतील देवळे पाडली गेली. जुन्या पोथ्या जप्त झाल्या आणि नवख्रिस्ती प्रजेला पुराणश्रवण वर्ज्य झाले. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्यांची प्रेते ताब्यात घेण्याचे काम स्टीफन्सकडे आले. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावले आणि मारून टाकले. पैठणला नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती १५८४मध्ये, म्हणजे त्याच्या पुढच्याच वर्षी. नाथांच्या डोक्यावरही परधर्मीय सत्ता होती; पैठण निजामशाहीत होते. पण तेथे ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करता येत होती आणि हिंदू-तुर्काचा वाद भारुडात रंगवता येत होता. सासष्टीत पोथी घरात सापडणे हाच गुन्हा होता.

क्रिस्तपुराणाचा उगम या पोकळीत आहे. स्टीफन्सने तो प्रसंग ग्रंथातच गुंफला आहे. ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे एखादे पुराण आम्हांला का देत नाही? या मागणीत भक्ती किती आणि तक्रार किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तक्रार अधिक ऐकू येते.

पाद्रीने पुराण दिले. ‘पहिले पुराण’ सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारातून चालते, तर ‘दुसरे पुराण’ येशूचे चरित्र सांगते. ओवी तीच, तीन चरणांत यमक आणि चौथा आखूड. अध्यायाला त्याने ‘अवस्वरू’ म्हटले. लोकांना कळावे म्हणून मराठीत ब्राह्मणी कोकणीतले सोपे शब्द मिसळल्याचे त्याने प्रस्तावनेत सांगितले आहे. मराठी भाषेच्या स्तुतीच्या त्याच्या ओव्या तर भाषणांतून वारंवार ऐकू येतात. त्यांच्या पुढची पाने उलटणारे मात्र थोडे.

त्या पानांत स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे, नरकाला यमकोंड आणि सैतानाला देवचार. हे तीन शब्द नीट पाहिले तर क्रिस्तपुराणाचे सारे धाडस आणि त्याची सारी अडचण कळते.

वैकुंठ विष्णूचे. येथे वैकुंठ राहिले, विष्णू गेला. कोंड म्हणजे कुंड; यमकोंड हे यमाचे. पुराणांतला यम धर्मराज आहे, न्याय करणारा अधिकारी. चित्रगुप्ताच्या वहीत जेवढे पाप, तेवढीच शिक्षा. भागवताच्या पाचव्या स्कंधात २८ नरकांची यादी आहे आणि ती वाचून अंगावर काटा येतो. पण शिक्षा भोगून झाली की जीव बाहेर पडतो, पुन्हा जन्माला येतो. कीर्तनकारांचा आवडता अजामिळ तर मरताना पोराला ‘नारायणा’ अशी हाक मारतो आणि तेवढ्यावर यमदूतांच्या हातून सुटतो. आपल्याकडचा नरक भयानक खरा, पण त्याला दार होते. स्टीफन्सच्या यमकोंडाला दार नाही, कारण ख्रिस्ती नरक अनंतकाळचा. तेथे यमही नाही. न्यायाधीशाच्या वाड्यात आता बंडखोर लूसिफर राहतो, आणि तो कैद्यांचा कारभारी आहे तसा स्वतःही कैदीच आहे. पाटी जुनी, घरमालक नवा.

देवचाराची गोष्ट याहून चटका लावणारी. गोव्याच्या गावगाड्यात देवचार हा राखणदार. रात्री हातात काठी घेऊन तो गावाची सीमा फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, अशी श्रद्धा गोव्यातील हिंदू समाजात आजही आहे. त्याला रोट आणि दारूचा मान देतात. ख्रिस्ती कोकणीत तोच देवचार सैतान झाला. काल ज्याच्या भरवशावर माणूस अंधारात चालत होता, तोच आज पापाकडे ओढणारा ठरला. शेजारी राहणाऱ्या हिंदू आणि ख्रिस्ती कुटुंबांत एकाच शब्दाचे दोन अर्थ चारशे वर्षे नांदत आले आहेत.

आता मोहाकडे वळू. पुराणांत तपस्व्याला मोहात पाडायचा डाव बहुधा इंद्राचा असतो. मेनका स्वर्गातून येते, म्हणजे मोहाचा उगम वरच्या मजल्यावर. आपल्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या २६व्या लेण्यात, बुद्धाला डळमळीत करू पाहणारा मार कोरलेला आहे. बौद्ध परंपरेत तोही एका देवलोकाचाच स्वामी. पैठणच्या कथांत तर मोह घालायला साधी माणसे पुरतात. नाथ गोदावरीत स्नान करून येतात, एक यवन त्यांच्यावर थुंकतो, नाथ पुन्हा स्नानाला जातात. असे १०८ वेळा घडते आणि शेवटी थुंकणाराच पाय धरतो. दुसऱ्या कथेत नाथांना राग आणून दाखवला तर दोनशे रुपये मिळतील, या आशेने एक गरीब ब्राह्मण त्यांच्या घरात शिरतो आणि हरतो. तरी त्याच्या अडचणीचाच विचार नाथांच्या मनात येतो. मोह घालणाऱ्याचाही शेवटी उद्धार होतो, हे या कथांचे गृहीतक.

क्रिस्तपुराणातील भूल घालणारा असा सुटत नाही. अभिमानाने देवाशी वैर धरलेला, पडलेला, परत फिरण्याची वाट कायमची बंद झालेला, आणि म्हणून माणसालाही आपल्याबरोबर ओढू पाहणारा असा तो आहे. सापाच्या रूपात तो एवेला फळ खायला लावतो. पुढे अरण्यात उपाशी येशूला दगडांच्या भाकरी करायला सांगतो, जगातली सारी राज्ये देऊ करतो. नियमाने शिक्षा करणारा यम आपल्याला माहीत होता, लहरीने परीक्षा पाहणारा इंद्रही. केवळ वैरापोटी, कुठल्याही लाभाविना माणसाचा नाश इच्छिणारे पात्र एवढ्या विस्ताराने ओवीत आले, ते नवीन होते. साहित्य म्हणून पाहता मराठीला मिळालेली ही मोठी देणगी आहे.

तिची किंमत कोणी मोजली? श्राद्धाची कथा आठवा. बाप्तिस्म्याविना मोक्ष नाही, असे ते पाद्री शिकवत. मग बाप्तिस्म्याआधी मेलेले आजोबा कुठे? गोव्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या फ्रान्सिस झेवियरनी १५५२च्या जानेवारीत कोचीहून युरोपला लिहिलेल्या पत्रात जपानी नवख्रिस्ती लोकांचे दुःख नोंदवले आहे. आपले आईवडील, मुले नरकात आहेत आणि कोणत्याही प्रार्थनेने वा दानाने सुटणार नाहीत, हे ऐकून ती माणसे रडत. नरकाला दार नसणे म्हणजे काय, ते या पत्रात दिसते. सासष्टीत ज्यांनी नवे पुराण मागितले, त्यांनाही आता पितरांसाठी पान वाढता येणार नव्हते. श्राद्ध वर्ज्य होते. वैकुंठ, ओवी, पुराण हे सारे परत मिळाले. पितरांचे पान मात्र मिळाले नाही.

तरीही लोकांनी हे पुराण आपलेसे केले, हेही तितकेच खरे. १६४९ आणि १६५४मध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. १६८४मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. ज्या राजवटीत मराठी पुराण छापले गेले, तिनेच भाषा दडपायला घेतली. छापील प्रतींपैकी आज एकही उपलब्ध नाही. पुराण टिकले ते हस्तलिखितांत आणि गळ्यांत, विशेषतः मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत. त्या हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७मध्ये मंगळूरला रोमन लिपीतच नवी आवृत्ती काढली.

मधल्या काळात मराठी ख्रिस्ती लेखणीने नरक कुठल्या कुठे हलवला होता. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत यमकोंडाची गरजच पडत नाही. केशवपन झालेल्या विधवेची माजघरातली खोली पुरते. त्यावर स्वतंत्र धागा लिहावा लागेल.

क्रिस्तपुराणाचे देवनागरी हस्तलिखित सापडले ते लंडनमध्ये, विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात. ते ओळखून १९२३मध्ये त्याविषयी लिहिणारे जस्टिन अॅबट हे महाराष्ट्रात हयात घालवलेले अमेरिकन मिशनरी. त्यांनी उतारवयात मराठी संतचरित्रांची इंग्रजी भाषांतरमाला सुरू केली. तिचा पहिला खंड १९२६मध्ये आला, नाथांचे पणजोबा भानुदास यांच्यावर. दुसरा १९२७चा. त्याचे नाव ‘एकनाथ’. महिपतींच्या ओव्यांवरून केलेले ते भाषांतर आहे, आणि पितर जेवायला उतरल्याची कथा त्यात आहे.