कर्बल स्पेस प्रोग्राम : प्रवासी केबिन नेमकी कशासाठी असते?

मेक्सिकोतल्या स्क्वाड कंपनीने २०११ साली आणलेला ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ हा सुटे भाग जोडून यान बांधायचा आणि ते उडवायचा संगणकावरचा गेम. कर्बिन ग्रहावरच्या हिरव्या कर्बल मंडळींना अवकाशात न्यायचं आणि जिवंत परत आणायचं, हे त्यातलं मुख्य काम. त्यासाठी लागणारा एक भाग म्हणजे प्रवासी केबिन, म्हणजेच क्रू केबिन.

केबिनमध्ये फक्त बसायची सोय असते, यान चालवायची नाही. स्टेअरिंग नसलेला एसटीचा डबाच म्हणा. केबिनमध्ये चार जण बसलेत म्हणून यान आपलं ऐकेल, असं होत नाही. त्यासाठी कमांड पॉड किंवा मानवरहित नियंत्रण भाग वेगळा जोडावाच लागतो. नवखे खेळाडू हमखास इथंच अडकतात.

केबिन चार प्रकारच्या आहेत. मार्क-१ मध्ये २ जण बसतात, वजन १ टन. विमानासारख्या यानासाठीच्या मार्क-२ मध्ये ४ जण, वजन २ टन. मार्क-३ मध्ये तब्बल १६ जण आणि वजन साडेसहा टन. चौथी ‘हिचहायकर’, ४ जणांची, अडीच टनांची. मुळात खाऊ साठवायचा हा डबा, त्यात कर्बलही राहू शकतात हे नंतर लक्षात आलं, अशी तिची गमतीदार कहाणी गेममध्येच दिली आहे. अवकाश स्थानकासाठी खेळाडू बहुधा हीच घेतात. पण माणशी वजन काढलं तर तीच सगळ्यात महाग: सव्वासहाशे किलो. मार्क-३ मध्ये हेच साधारण चारशे किलोवर येतं.

वजनाचा एवढा हिशेब का? कारण कर्बिनच्या कक्षेत पोचायला सेकंदाला सुमारे ३,४०० मीटर वेगबदलाची ताकद लागते. अडीच टनांची केबिन वर न्यायची तर नुसत्या इंधन-टाक्यांसकट जमिनीवरचं वजन दहा टनांच्या पुढं जातं, इंजिन वेगळं. म्हणून ‘असू दे एक जादा’ म्हणून केबिन लावू नये.

रिकामी जागा मात्र कधीकधी मुद्दाम ठेवावी लागते. कक्षेत अडकलेल्या कर्बलला सोडवून आणायचं कंत्राट असेल तर परतीला एक खुर्ची मोकळी हवीच. पर्यटकांच्या कंत्राटात उलटं असतं. त्यांना उड्डाणाआधी क्रू यादीत आपण हातानं बसवायचं. गेम आपणहून पॉड भरतो, केबिन रिकामीच सोडतो. पर्यटकांना यानाबाहेरही पडता येत नाही.

परतीचा टप्पा जास्त धोक्याचा. केबिनच्या खाली उष्णतारोधक ढाल लावा. यान फार उंच झालं तर वातावरणात शिरताना उलटतं, आणि मग ढालीचा उपयोग राहत नाही. हार्ड पातळीवर गेलेला कर्बल परत येत नाही, आणि उड्डाण मागे फिरवायची सोयही तिथं नसते. मेलेल्या पर्यटकाचं कंत्राटही बुडतं.

बांधताना शेवटी दार बघा. केबिनच्या दारासमोर सौर पॅनेल किंवा टाकी आली की आतला कर्बल बाहेर पडू शकत नाही, आणि हे बहुतेकदा कक्षेत गेल्यावरच कळतं.