एक चुकलेला ग्रह आणि एक नाव

भवानी पेठेतल्या आमच्या गच्चीवरून उन्हाळ्याच्या रात्री भुजंगधारी तारकासमूह दिसतो. त्यातला ‘७० भुजंगधारी’ मात्र सोलापूरच्या दिव्यांच्या उजेडात महत्प्रयासानेच सापडतो. सुमारे साडेसोळा प्रकाशवर्षांवरचा हा जोडतारा. परक्या सूर्यांच्या ग्रहांचा इतिहास लिहायचा, तर आरंभ त्याच्यापासून करावा लागतो. आणि तो आरंभ एका चुकीचा आहे.

कॅप्टन विल्यम जेकब हा मुंबई इलाख्याच्या सैन्यातला अभियंता. त्याने १८४२ मध्ये पुण्यात खासगी वेधशाळा उभारून जोडताऱ्यांचे वेध घेतले. पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. ‘७० भुजंगधारी’चे दोन तारे गणिताने ठरलेल्या वाटेवरून किंचित ढळतात, त्याअर्थी एखादा अदृश्य ग्रह त्यांना ओढत असावा, असे त्याने १८५५ साली मांडले. तो ग्रह आजवर सापडलेला नाही. नवी वेधशाळा उभारण्याच्या हेतूने जेकब १८६२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यास परतला आणि थोड्याच दिवसांत तेथेच निवर्तला.

त्याचे मोजमाप अपुरे होते. तर्क मात्र खोटा नव्हता. तारा डगमगतो, म्हणून ग्रह मानावा, याच तर्काने १९९५ मध्ये मायर आणि केलोझ यांना ‘५१ पेगासी’ या ताऱ्याचा ग्रह गवसला. त्यांनी ताऱ्याची आकाशातली जागा नव्हे, तर वर्णपटावरून त्याचा वेग मोजला. गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा हा ग्रह जेमतेम सव्वाचार दिवसांत ताऱ्याला प्रदक्षिणा घालतो.

२०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने भारताला असाच एक तारा व त्याचा महाकाय ग्रह नामकरणासाठी दिला. ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांचे नाव मिळाले, ग्रहाला ‘संतमस’. हे दुसरे नाव सुचवले पुण्याच्या एका शाळकरी मुलाने. ग्रहाचे वातावरण ढगाळ असावे, हा त्यामागचा विचार. अमरकोशात अंधाराचे भेद सांगितले आहेत: गाढ ते अंधतमस, विरळ ते अवतमस, आणि सर्वत्र पसरलेले ते संतमस.

आम्ही साहित्याचे अभ्यासकही इतिहास लिहिताना पहिल्या यशाची तारीख तेवढी नोंदवतो आणि आधीचे फसलेले प्रयत्न गाळतो. पुण्याच्या मुलाने दिलेले नाव पाठ्यपुस्तकात येईल, यावे. त्याच पानावर जेकबच्या चुकलेल्या ग्रहालाही एक ओळ मिळावी, एवढेच आमचे म्हणणे.