फ्रांके यांची शाळा : करुणा आणि शिस्त

शिक्षणाच्या इतिहासात काही माणसे अशी भेटतात की त्यांच्या कार्यापुढे आपण नतमस्तक होतो, पण आपले मूल त्यांच्या शाळेत घालावे असे काही आपल्याला वाटत नाही. ऑगस्ट हेरमान फ्रांके हे अशांपैकी एक. हे द्वंद्व बाजूला सारून लिहिलेले त्यांचे चरित्र गौरवगाथा तरी होते, नाहीतर आरोपपत्र.

फ्रांके यांचा जन्म १६६३ साली ल्यूबेक येथे झाला. बालपण गोथा येथे गेले आणि लायप्झिग विद्यापीठात त्यांनी अध्यापनास आरंभ केला. ल्यूथरपंथ तोपर्यंत पंडिती वादविवादांत अडकून पडला होता. फिलिप याकोब स्पेनर यांच्या प्रेरणेने त्यात एक नवी चळवळ उभी राहिली, तीच पायटिझम. श्रद्धा ही सिद्धान्त पाठ करण्याची बाब नसून जगण्याची रीत आहे, असा तिचा आग्रह होता. १६८७ साली ल्युनेबुर्ग येथे प्रवचनाची तयारी करीत असताना फ्रांके यांना आपल्याच श्रद्धेविषयी घोर संशय आला आणि त्यातून ते पालटून बाहेर पडले. त्यांच्या व्याख्यानांना विद्यार्थी गर्दी करू लागले तसे सनातनी धर्मशास्त्री बिथरले. आधी लायप्झिग, मग एर्फुर्ट अशी दोन्ही ठिकाणे त्यांना सोडावी लागली. अखेर १६९२ च्या आरंभी ते हाले येथे आले. तेथे नव्याने आकाराला येत असलेल्या विद्यापीठात ग्रीक व पौर्वात्य भाषांचे प्राध्यापकपद आणि वेशीबाहेरच्या ग्लाउखा वस्तीचे धर्मोपदेशकपद त्यांना मिळाले.

ग्लाउखा ही प्लेगने उद्ध्वस्त झालेली, दारूच्या गुत्त्यांनी भरलेली वस्ती. दारी भीक मागायला येणारी मुले अक्षरशत्रू आहेत हे फ्रांके यांच्या लक्षात आले. १६९५ साली त्यांच्या दानपेटीत कोणीतरी ४ टेलर व १६ ग्रोशेन टाकले. एवढ्या भांडवलावर काहीतरी भरीव उभे केलेच पाहिजे असे म्हणून त्यांनी पुस्तके विकत घेतली आणि एका गरीब विद्यार्थ्याला शिकवायला नेमले. १६९८ मध्ये अनाथाश्रमाच्या भव्य इमारतीची पायाभरणी झाली. १७२७ साली फ्रांके वारले तेव्हा या शाळासंकुलात दोन हजारांहून अधिक मुलेमुली शिकत होती.

हा विस्तार केवळ दानधर्मावर झाला नाही. संस्थेचे स्वतःचे छापखाना, पुस्तकविक्री व औषधालय होते. तेथील औषधे दूरदूर जात. १७१० पासून कान्स्टाइन यांच्या सहकार्याने स्वस्त बायबले निघू लागली. गरीब विद्यापीठ-विद्यार्थ्यांना मोफत भोजन मिळे आणि त्याच्या मोबदल्यात ते शाळेत शिकवीत. या व्यवस्थेतूनच शिक्षक घडवण्याचे शिस्तशीर केंद्र उभे राहिले. मुलांना प्रत्यक्ष वस्तू दाखवाव्यात म्हणून संग्रहालय होते. लाकूड कातणे, काच घासणे, वनस्पती ओळखणे यांनाही अभ्यासक्रमात स्थान होते.

परंतु लाकूड कातणे हीच मुलांची करमणूक होती. मुक्त खेळाला तेथे फारशी जागाच नव्हती. मुलाची हट्टी स्वेच्छा मोडल्याखेरीज धर्मनिष्ठा रुजत नाही, अशी फ्रांके यांची धारणा होती. म्हणून दिवसाचा प्रत्येक तास आखलेला आणि प्रत्येक मुलावर सतत नजर. पायटिस्ट वळणाच्या अशाच एका शाळेत, केनिग्जबर्ग येथे, इमान्युएल कांट शिकले आणि तेथील जाच ते विसरले नाहीत.

या शिस्तीची दुसरी बाजू १७२१ साली उघड झाली. क्रिस्तिआन वोल्फ या तत्त्वज्ञाने हाले विद्यापीठातील भाषणात, ख्रिस्ती प्रकटीकरणावाचूनही चिनी लोक नीतिमान राहू शकतात, असे सुचवले. फ्रांके आणि त्यांचे सहकारी योआखिम लांगे खवळले. १७२३ मध्ये राजाने वोल्फ यांना अठ्ठेचाळीस तासांत राज्य सोडण्याचा आदेश दिला. न सोडल्यास फाशी. सनातन्यांनी ज्याला दोनदा हुसकले, तोच आता दुसऱ्याला हुसकण्यात सहभागी होता. छळ सोसलेला माणूस आपोआप सहिष्णु होतो, ही आपली लाडकी समजूत येथे टिकत नाही.

याच वृत्तीचा एक धागा भारतापर्यंत येतो. हालेशी संबंध असलेले बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग १७०६ साली तरंगमबाडीस उतरले. तमिळ शिकून त्यांनी दक्षिणेतील देवदेवतांवर सविस्तर ग्रंथ लिहिला व १७१३ साली युरोपात पाठवला. धर्मप्रचारकाचे काम मूर्तिपूजा उखडण्याचे. तिची माहिती युरोपात पसरवण्याचे नव्हे, असा फ्रांके यांचा अभिप्राय पडला. ग्रंथ छापला गेला तो १८६७ मध्ये, मद्रासेत.

मात्र संस्था संस्थापकाच्या मुठीत कायम राहत नाही. हाले येथे शिकलेले क्रिस्तिआन फ्रीडरिख श्वार्ट्झ १७५० साली भारतात आले. १७८७ मध्ये तंजावरच्या तुळजाजीराजांनी दत्तकपुत्र सरफोजींना त्यांच्या हाती सोपवले. पुढे मद्रासेतही हालेच्याच परंपरेतील गेरिके यांच्याकडे सरफोजींचे शिक्षण झाले. १७९८ साली गादीवर आलेल्या या मराठी राजाने नवविद्येचा ध्यास घेतला, नागरी छापखाना उभारला, आणि १८०६ साली तेथून इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ बाहेर पडले. ग्रंथ, चित्रे, वैद्यकाची साधने यांचा संग्रह त्यांनी वाढवला. श्वार्ट्झ यांचे संगमरवरी स्मारक जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून घडवून घेतले. धर्म मात्र बदलला नाही.

याचे सारे श्रेय हालेला देणे इतिहासाला धरून होणार नाही. तंजावरची स्वतःची विद्यापरंपरा समृद्ध होती. तरी छापखाना, संग्रह आणि शाळा यांची जी सांगड फ्रांके यांनी धर्मासाठी घातली, ती सरफोजींनी धर्माविना उचलली, हे लक्षणीय आहे. वोल्फ यांच्याविरुद्ध फ्रांके यांनी जे नाकारले, त्याचा जिवंत दाखला त्यांच्याच परंपरेतील शिक्षकाच्या हाताखाली तयार झाला. शिक्षकाला शिष्याच्या हाती साधने देता येतात. त्यांचा विनियोग शिष्यच ठरवतो. मुलाची इच्छा मोडू पाहणाऱ्या शाळेच्या इतिहासातून आपण अध्यापकांनी घ्यायचा तो हाच धडा, आणि तो काहीसा दिलासा देणाराही आहे.